नऊ ग्रॅमचा वाढावा

बंदराच्या रस्त्यावर दोरखंडवाल्याच्या आणि न्हाव्याच्या मधे काटेदुरुस्तीचं एक अरुंद दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे काटेकोर म्हणत. पाळण्यातलं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण ते त्याच्या बायकोच्याही ओठांवर राहिलं नव्हतं. शेजारणीशी बोलताना तीसुद्धा म्हणे, "आमचे काटेकोर जेवायला यायचेत अजून." माणूस होताच तसा. दाराला कुलूप घातलं की दोनदा ओढून बघणार, चहात साखर घालताना चमच्यावरचा ढीग बोटाने सपाट करणार. कोणी "जवळपास किलोभर असेल" म्हटलं की याच्या कपाळाला आठ्या. "जवळपास म्हणजे नक्की कुठपास?" असं विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत हातातलं काम थांबवून ठेवायचा.

दुकानात त्याचं एकच दैवत होतं, ते म्हणजे वजनांची लाकडी पेटी. आत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं बसवलेली. सगळ्यात मोठं दहा किलोचं, सगळ्यात लहान नखाएवढा पत्रा. त्यांना उघड्या हाताने शिवायची कोणाची टाप नव्हती. घामाचा डाग बसला तरी वजन बदलतं, म्हणून तो स्वतःही ती मऊ कातड्यात धरून उचलत असे. मासळीवाले, खिळेवाले, औषधवाले, बंदरातल्या सगळ्यांचे काटे या पेटीशी ताडून बघितले जात. कोणी डोळा मिचकावून जरा इकडे-तिकडे करायला सुचवलं, तर तो एकच वाक्य ऐकवी: "काटा कोणाचा सगा नसतो." वाक्य चांगलं आहे. दुकानाच्या भिंतीवर लावण्याजोगं आहे. घरात आणण्याजोगं नाही, पण हे त्याला फार उशिरा कळलं.

घरात आई, बायको आणि धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे धाकट्याला यानेच वाढवलं, शिकवलं, वेळप्रसंगी बदडलंही. आई तर थोरल्याच्या शब्दाबाहेर नव्हती. अंघोळीचं पाणी कढत आहे की कोमट, हेसुद्धा तिने थोरल्याला विचारून ठरवलं असतं. जीव मात्र तिचा धाकट्यात अडकलेला. तो बाहेर असला की तिचा डोळा लागायचा नाही. फाटकाची कडी नुसती हलली तरी अंथरुणातून विचारायची, "कोण, धाकटा का?" थोरला आपला घोरत असायचा.

धाकट्याला दुकानात बसवायचा प्रयोग एकदा करून झाला होता. त्याला शीळ घालायची सवय. काम करताना शीळ, जिना चढताना शीळ. शिळेच्या वाऱ्याने औषधवाल्याच्या नाजूक तराजूची दांडी डुलायला लागायची.

"अरे, इथे श्वास तरी बेताने घे!" दादा ओरडायचा.

"श्वासाचंही वजन करतोस काय, दादा? किती भरला?"

असं दहा वेळा झाल्यावर दादाने हात टेकले आणि त्याला खड्यांच्या खाणीच्या मालकाकडे लावून दिलं. खाण वर डोंगरात होती, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, जिथे उन्हाळ्यातही लोक अंगावर घोंगडी घेऊन बसत. तिथे लाल खडे निघत. ते पोतडीत भरून, तोलून, तोंडाला लाख लावून खाली बंदरात आणायचे. इथे पुन्हा तोलून कारागिरांकडे पैलू पाडायला द्यायचे. पोतडी आणायला विश्वासाचा माणूस हवा होता. "माझा भाऊ आहे," एवढंच काटेकोर म्हणाला, आणि मालकाला त्यापुढे काही विचारावंसं वाटलं नाही. धाकट्यालाही काम मानवलं. डोंगर, वळणं, बसमधल्या गप्पा, सगळं त्याच्या स्वभावाचं. वरच्याच गावातली बायको करून त्याने तिला खाली घरी आणली. बरीच वर्षं वर तराजू, खाली तराजू, आणि वजनात कधी गुंजभराचाही फरक नाही.

मग मालकाने दोन इलेक्ट्रॉनिक काटे आणले, एक वर ठेवायला आणि एक खाली.

काटेकोरला कोण आनंद झाला! पारड्यात वजनं चढवायची-उतरवायची कटकट नको. वस्तू ठेवली की आकडे समोर, अगदी ग्रॅमपर्यंत. त्याने दोन्ही काटे दुकानात शेजारी शेजारी मांडले, दहा किलोचं वजन आळीपाळीने दोघांवर ठेवलं आणि दोघांचेही आकडे तंतोतंत जुळवले. जुळी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात. मग वरचा काटा गोधडीत गुंडाळून धाकट्याच्या हवाली केला. धाकट्याने तो लहान मुलासारखा मांडीवर घेऊन वर नेला.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. वर पंधरा किलो बरोबर भरलेली पोतडी खाली पंधरा किलो नऊ ग्रॅम भरली. पुढच्या खेपेलाही नऊ ग्रॅम जास्त. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

आता तुम्ही म्हणाल, जास्तच भरली ना, मग रडायचं कशाला? मालकाचं डोकं वेगळं चालायचं. त्याने दोघा भावांना बोलावून घेतलं.

"कमी भरली असती तर मी समजून घेतलं असतं," मालक म्हणाला. "एखादा खडा फटीतून पडतो, धूळ झडते. पण बंद पोतडीतलं वजन वाढतं कसं? खडे काय वाटेत पिल्लं घालतात?"

धाकटा हसला. हसायला नको होतं.

"मी सांगतो कसं वाढतं," मालक पुढे म्हणाला. "वाटेत लाख उकलायची, चांगले खडे काढायचे, त्यांच्याऐवजी फालतू खडे टाकायचे आणि पुन्हा लाख लावायची. कमी भरायला नको म्हणून भीतीपोटी जरा सढळ हाताने टाकायचे. ते जास्त पडलेले नऊ ग्रॅम हे."

खाणीतून निघालेल्या कच्च्या खड्यांत चांगले-वाईट मिसळलेलेच असतात, त्यामुळे पोतडी उघडून काही सिद्ध होईना. सगळा भार काट्यांवर आला. मालक काटेकोरकडे वळला. "तुम्हीच सांगा. काटे तुमच्या हातचे. ते चुकीचे असतील तर विषय संपला."

त्या संध्याकाळी धाकटा दुकानाच्या पायरीवर बसून होता. शीळ बंद होती.

"दादा, काट्यातच काहीतरी आहे. तू एकदा वर ये. तुझं दहाचं वजन घे आणि तिथल्या काट्यावर ठेवून बघ. एकदाच ये."

आता काटेकोरला घाटाची वळणं सोसत नसत. बस सुटायच्या आधीच त्याच्या पोटात ढवळे. शिवाय दुकानात कामं तुंबलेली. शिवाय, खरं सांगायचं तर, आपण जुळवलेल्या काट्यात चूक शोधायला आपणच डोंगर चढायचा, हे त्याच्या मानाला पेलत नव्हतं.

"दुखणेकऱ्याने डॉक्टरकडे यायचं असतं," तो म्हणाला. "काटा खाली मागव. इथे बघतो."

काटा खाली आला. काटेकोरने तो खालच्या काट्याशेजारी मांडला, सपाटीच्या काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत काट्याचे पाय फिरवून सपाटी साधली, कातड्यात धरून दहाचं वजन ठेवलं. दहा किलो, शून्य ग्रॅम. दुसऱ्या काट्यावर ठेवलं. दहा किलो, शून्य ग्रॅम. पोतडी ठेवली, दोन्हीकडे आकडा एकच. संपूर्ण दुपार त्याने वजनं बदलून बदलून पाहिली. काट्यात तसूभर खोट नव्हती. धाकटा समोर उभा राहून बघत होता, आणि प्रत्येक वजनासरशी त्याचा चेहरा उतरत होता. शेवटी काटेकोरने कातडं घडी करून पेटीत ठेवलं. भावाकडे त्याने पाहिलं नाही.

मालकाला तो म्हणाला, "काटे बरोबर आहेत." याच्यापुढे त्याने काही म्हणायला हवं होतं. "काटे बरोबर आहेत, पण माझा भाऊ चोर नाही," असं. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्याच्या पेटीत बसणारं नव्हतं.

मालकाने बोभाटा केला नाही. धाकट्याला कामावरून काढलं, एवढंच. वरचा काटा पुन्हा वर पाठवलाच नाही. खाली कारागिरांना तो उपयोगी पडतोय म्हणाला. वर पुन्हा जुना तराजू लागला, पोतडी आणायला नवा माणूस आला. आणि काय आश्चर्य! वर पंधरा, खाली पंधरा. नऊ ग्रॅमचा वाढावा धाकट्याबरोबरच गेला. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? न्हाव्याकडे बसलेली मंडळी दाढी करता करता म्हणायची, "चोर गेला आणि चोरीही गेली."

आईने एकदाच विचारलं. शेगडीपाशी बसली होती, पाठ वळवून. "त्याने घेतले का रे?"

"आई, काटा कोणाचा सगा नसतो."

ती "बरं" म्हणाली. थोरल्याशी वाद घालायची तिला सवय नव्हती. त्यानंतर तिने घरात धाकट्याचं नाव काढलं नाही. धाकटा आणि त्याची बायको सामान बांधून वर तिच्या गावी निघून गेले, तेव्हाही ती दारापर्यंत आली नाही.

पुढे आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी फाटकाची कडी वाजली. "कोण, धाकटा का?" असं तिने विचारलं नाही. तिने डोळे मिटून घेतले. धाकटा आत आला, पायथ्याशी बसला. "झोपलीये, उठवू नकोस," काटेकोर म्हणाला. धाकट्याने तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, बराच वेळ बसला आणि गेला. कडी पुन्हा वाजली. मग आईने डोळे न उघडता विचारलं, "गेला का?"

"गेला."

ती भिंतीकडे वळली. थोड्याच दिवसांत तीही गेली. धाकटा आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला, आणि सगळं आटोपल्यावर कोणाशी न बोलता परत गेला.

वर्षं गेली. काटेकोरचे केस पिकले, हात थोडे कापायला लागले. तेवढ्यापुरतं तो टेबलाला कोपर टेकून काम करी. बायको अधूनमधून म्हणायची, "एकदा वर जाऊन या हो. एकाच आईची लेकरं ना तुम्ही?" तो म्हणायचा, "घाट सोसत नाही मला." घाट कोणता, ते तिला ठाऊक होतं.

जुना मालक गेला, कारभार त्याच्या सुनेकडे आला. तिला वरचा तराजू मोडीत काढायचा होता. "नवा काटा वर बसवून द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही स्वतः जा. मागे कसलातरी घोळ झाला होता म्हणे." आतापर्यंत नको नको म्हणणारा माणूस या वेळी का कोण जाणे, हो म्हणाला. कदाचित मनात दुसरंही काही असेल. त्याने काटा दुकानात नेहमीसारखा जुळवला, गोधडीत गुंडाळला, वजनांची पेटी घेतली, जोडीला एक लहान काटाही घेतला आणि पहाटेच्या बसमध्ये बसला. घाटात त्याचे व्हायचे ते हाल झालेच.

वरचं गोदाम म्हणजे दगडी भिंतींची एक थंडगार खोली. कोपऱ्यात जुना तराजू टांगलेला, खिडकीपाशी टेबल. काटेकोरने काटा टेबलावर ठेवला, सपाटी साधली, खिडकी लावून घेतली, आणि दहाचं वजन ठेवलं.

नऊ किलो, नऊशे चौऱ्याण्णव ग्रॅम.

बसच्या धक्क्यांनी काहीतरी हललं असणार, असं त्याला वाटलं. त्याने काटा बंद केला, खोलीची हवा अंगी लागू दिली, पुन्हा लावला. सहा ग्रॅम कमीच. मग त्याला आपल्या वजनाचीच शंका आली. त्याने ते तराजूच्या एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात गोदामातलं दहाचं जुनं वजन. दांडी आडवी, सरळ. म्हणजे वजन ठीक होतं. त्याने लहान काटा काढला, त्यावर एक किलोचं वजन ठेवलं. तोही थोडं कमी दाखवत होता, अगदी त्याच प्रमाणात. दोन काटे, दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे, एकाच वाटेवर अगदी सारखेच बिघडतील?

तो स्टुलावर बसला. आणि मग शाळेतला एक धडा, जो त्याने कधीकाळी घडाघडा पाठ म्हणून दाखवला होता, त्याच्या मनात कुठूनतरी वर आला. वस्तुमान म्हणजे वस्तूत जेवढा पदार्थ आहे तेवढा. तो कुठेही नेला तरी बदलत नाही. वजन म्हणजे त्या वस्तूला पृथ्वी जितक्या जोराने खाली ओढते ती ओढ. आणि पृथ्वीच्या मध्यापासून जितकं दूर जावं तितकी ती ओढ कमी. तेव्हा पोपटपंची केली होती. मास्तरांनी शाबासकी दिली होती.

त्याच्या डोळ्यांसमोर काटा आतून उघडा झाला. आत धातूचा एक ठोकळा असतो, ओझं पडलं की केसभर वाकतो. किती वाकला त्यावरून आकडा उमटतो. त्याला फक्त ओढ कळते. डोंगरावर ओढ कमी, म्हणून तो कमी वाकतो आणि बिचारा कमी आकडा सांगतो. तराजूचं तसं नाही. तिथे दोन पारडी. ओढ कमी झाली तर खड्यांवरही कमी आणि समोरच्या वजनांवरही तितकीच कमी, म्हणून दांडी सरळ राहते. तराजू खडे किती आहेत ते सांगतो. काटा, त्यांना जमीन किती ओढते ते. म्हणून असा काटा जिथे वापरायचा, तिथेच वजन ठेवून जुळवावा लागतो. त्याने तो समुद्राकाठी जुळवून डोंगरावर पाठवला होता. वरचे लोक आकडा पंधरा होईस्तोवर खडे टाकत राहिले, आणि तेच खडे खाली आले की खरे भरत. चौकशीसाठी काटा खाली मागवला, तेव्हा तोही समुद्राकाठी आला आणि पुन्हा खरं बोलायला लागला. दहाला सहा, म्हणजे पंधराला नऊ. नऊ ग्रॅम. हिशेब करायला बोटंसुद्धा लागली नाहीत.

"बसवला का काटा?" गोदामाचा मुकादम दारातून डोकावला.

"जुळवतोय," काटेकोर म्हणाला. त्याने तिथेच, त्याच टेबलावर काटा जुळवला. पाच मिनिटांचं काम होतं. धाकटा म्हणाला होता तेव्हा आला असता, तर तेव्हाही पाचच मिनिटं लागली असती. त्याला रडू आलं, आणि मुकादमासमोर रडायची लाज वाटली म्हणून त्याने बराच वेळ पेटीतली वजनं पुसली.

धाकट्याचं घर कोणाला विचारावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच शीळ ऐकू आली. स्टोव्हदुरुस्तीचं छोटं दुकान होतं, मागे राहायची खोली. धाकटा एका स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन घालून काजळी काढत होता. त्याचेही केस पांढरे झाले होते. शीळ थांबली.

"दादा?" मग थोड्या वेळाने, "ये. पायरी सांभाळून, मोडकी आहे."

काटेकोर बसला आणि बसल्या बसल्या बोलत सुटला. पाणीसुद्धा प्यायला नाही. डोंगर, ओढ, वाकणारा ठोकळा, दोन पारडी, दहाला सहा, पंधराला नऊ. हात उंच-खाली करून तो सांगत राहिला. आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नसेल. धाकटा ऐकत होता, मधेच पिन बर्नरमध्ये फिरवत होता.

"म्हणजे नऊ ग्रॅम या डोंगराने घेतले होते तर," तो म्हणाला.

"घेतले नाहीत रे. तेच तर सांगतोय. खडे होते तेवढेच होते. वर न्या, खाली न्या, खड्यांना काही होत नाही. ते आहेत तेवढेच राहतात."

"मीही तेव्हा तेच सांगत होतो."

काटेकोरचे हात खाली आले.

"तू काही घेतलं नव्हतंस," तो म्हणाला. "मला आज कळलं."

"मला तेव्हाच माहीत होतं, दादा. त्यासाठी मला डोंगर कशाला हवा?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी सगळ्यांना सांगतो. मालकाच्या सुनेला सांगतो, त्या न्हाव्याकडच्या लोकांना..."

"सांग की. त्यातले किती उरलेत?"

आतून धाकट्याची बायको चहा घेऊन आली. तिने कप खाली ठेवला. "वर यायला बरीच वर्षं लागली, भावजी," एवढंच म्हणाली आणि आत गेली. काटेकोरने चहात साखर घातली. चमच्यावरचा ढीग सपाट करायचं त्याला सुचलं नाही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! वजनं आयुष्यभर लोकांच्या काट्यांवर ठेवली, आणि भावाच्या एका शब्दासाठी पेटी उचलली नाही. हे त्याला म्हणायचं होतं. "चुकलं माझं," एवढंच तोंडातून निघालं.

"असू दे," धाकटा म्हणाला. त्याने बर्नर उजेडाकडे धरून पाहिला. "एक विचारू?"

"विचार."

"मी आईला बघायला आलो होतो त्या दुपारी. तू म्हणालास, झोपलीये. खरंच झोपली होती?"

बाहेर कोणाचीतरी हातगाडी खडखडत गेली. काटेकोरला कडी आठवली, मिटलेले डोळे आठवले. "गेला का?" हा प्रश्न आणि भिंतीकडे वळलेली पाठ आठवली. ती तशी का वळली, तेही त्याला माहीत होतं. तिच्या पारड्यात त्यानेच एक वाक्य टाकलं होतं. खोटं माप देणाऱ्या माणसाच्या दुकानासमोरून तो आयुष्यभर तोंड फिरवून गेला होता. आज त्याने पारड्याला बोट लावलं.

"हो," तो म्हणाला. "झोपली होती. गाढ."

"गाढ."

"अगदी गाढ. औषधाची गुंगी होती."

धाकट्याने पिन खाली ठेवली. त्याने थोरल्याकडे पाहिलं, जरा वेळ, लहानपणी काहीतरी फोडून आलेल्या पोराकडे बघावं तसं. ज्या आईला कडीच्या आवाजाने जाग यायची, तिच्या झोपेबद्दल दोघांपैकी कोणाला जास्त माहीत होतं? तो फडक्याला हात पुसून उठला.

"चल. शेवटची बस चुकेल तुझी."

आणि काटेकोर उठायच्या आत त्याने वजनांची पेटी उचलून खांद्यावर घेतली.

"अरे, जड आहे ती. दे इकडे."

"इथे हलकी असते म्हणालास ना आत्ता?" धाकटा म्हणाला आणि पुढे चालू लागला.

थांब्यापर्यंत उतार होता. काटेकोर मोकळ्या हातांनी त्याच्या मागून चालत होता, शीळ ऐकू येईल म्हणून कान देऊन. धाकट्याने पेटी बसमध्ये सीटखाली नीट सरकवून ठेवली, खाली उतरला आणि बस सुटेपर्यंत उभा राहिला. शीळ त्याने घातली नाही.